दहा मिनिटं गप्प बसणं

बीडला आमच्या नातेवाइकांत हल्ली एक वाद हमखास रंगतो. कुणाला डॉक्टरांनी बीपीसाठी माइंडफुलनेस करायला सांगितलेलं असतं. लगेच दुसरं कुणी विचारतं, "हे विपश्यनेतलंच ना? मग ख्रिस्ती माणसाला चालतं का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मला विचाराल तर चालतं, पण एका अटीवर.

या वाटेनं आपल्या महाराष्ट्रातला एक माणूस आधीच चालून गेलाय. अँथनी डिमेलो, १९३१ साली मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. त्यांनी पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली, पुढे ती लोणावळ्याला गेली. १९७८ च्या त्यांच्या 'साधना' या इंग्रजी पुस्तकात पहिलाच धडा दहा मिनिटं गप्प बसण्याचा आहे. मग खांद्यावर कपड्याचा स्पर्श, नाकपुडीतून जाणारा श्वास... बस्स, एवढंच! पण पुस्तक तिथं थांबत नाही. पुढे येशूच्या नावाची प्रार्थना येते, स्तुती येते, दुसऱ्यांसाठी मागणं येतं.

डिमेलो १९८७ मध्ये गेले. १९९८ मध्ये व्हॅटिकननं त्यांच्या लेखनावर आक्षेप घेतला. त्यात देव हा ज्याच्याशी बोलावं असा कुणी राहत नाही, नुसतं एक तत्त्व उरतो, असा एक मुद्दा होता. मात्र त्यांचं सुरुवातीचं लेखन ख्रिस्ती चौकटीतलंच आहे, हेही त्याच पत्रकात आहे. वादात ही दुसरी बाजू कुणी काढत नाही.

माझी अट इथूनच येते. श्वासाकडे बघता बघता श्वास देणाऱ्याशी बोलणं राहून गेलं, तर ती तब्येतीची चांगली सवय झाली, प्रार्थना नव्हे.

आणखी एक. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारत होता, लोक त्याला गप्प करत होते. येशू त्या गर्दीत थांबला. लक्ष देणं म्हणतात ते हे! आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला ट्रॅक्टर भरून माणसं जातात. आपण दार लावून शांत बसलो आणि त्या ट्रॅक्टरवरची लेकरं आपल्याला दिसलीच नाहीत, तर ती शांतता काय कामाची?

तेव्हा आत्या, मामा, खुशाल बसा दहा मिनिटं. फक्त उठताना कुणाचं तरी नाव देवापुढे घ्या, आणि जमलं तर त्या माणसाला भेटून या.