अंडाशय राखायचे असते

गोदावरीच्या अलीकडे जालना जिल्ह्यातले तीर्थपुरी, पलीकडे बीड जिल्हा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका दोन्हीकडच्या. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, हे २०१९ मध्ये साऱ्या राज्याला कळले. त्यांतल्या किती जणींची अंडाशयेही गेली, हा प्रश्न आपण स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्वतःला विचारायला हवा. तिशी-पस्तिशीत दोन्ही अंडाशये गेली की हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि या बाईला तर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे असते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने अंडाशये वाचवता येतात, पण तिचा धोकाही आहे. टाके थोडे, दुसऱ्या दिवशी घरी, म्हणून नको ते ऑपरेशनही सोपे वाटू लागते. पाळी चालू असलेल्या बाईला चार सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ असेल, तर ती बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. पण मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, हंगाम बुडवता येत नाही, म्हणून तीच म्हणते, ‘एकदाचं काढून टाका डॉक्टर.’ तेव्हा ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालू नये. तिला समजावून परत तपासणीला बोलवावे.

पीळ पडलेले अंडाशय काळेनिळे दिसले, तरी आधी पीळ सोडवा. नुसत्या रंगावरून ते मेले असे ठरवू नका. अशी बरीच अंडाशये पुन्हा काम करू लागतात. एंडोमेट्रिओमाचे आवरण सोलल्यावर रक्त थांबवायला सरसकट बायपोलर लावला, तर निरोगी बीजेही जळतात. बारीक टाका घालायला वेळ लागतो, तो द्यावा.

नळीतल्या गर्भाचे वेगळे. दुसरी नळी निरोगी असेल, तर बाधित नळी काढल्याने पुढे नैसर्गिक गर्भ राहण्याची शक्यता फारशी घटत नाही, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत दिसले. मात्र नळी फुटून रक्तदाब घसरलेला असताना केवळ दुर्बिणीसाठी रुग्णाला जालन्याला किंवा संभाजीनगरला धाडू नका. जवळ भूल, रक्त आणि सर्जन मिळत असतील, तर तिथेच पोट उघडा.

ऊसतोडीची ही बाई हंगामात सांगली-कोल्हापूरच्या फडात असेल. दुखले तर तिथल्या डॉक्टरपुढे फक्त डिस्चार्ज कार्ड असेल. कोणती नळी काढली, कोणते अंडाशय राखले, गाठ केवढी होती, तुकड्याचा अहवाल काय आला, हे त्यावर स्वच्छ लिहा; आणि तिला कळेल असे मराठीतही.