शिक्क्याआधी नोंद हवी

प्राथमिक वर्गात असा एखादा विद्यार्थी असतोच, ज्याचे नाव दिवसभरात शिक्षकांच्या तोंडी सर्वाधिक वेळा येते. तो जागेवर बसत नाही, शेजाऱ्याची वही ओढतो, रागाच्या भरात हात उगारतो. किंवा याउलट, दिवस दिवस एक शब्दही बोलत नाही. अशा मुलास ‘वात्रट’, ‘मठ्ठ’, ‘हट्टी’ ही विशेषणे चटकन चिकटतात. विशेषण लावले की कारण शोधण्याची गरज उरत नाही, आणि आमचा आक्षेप नेमका यालाच आहे.

लहान मुलास आपली अडचण शब्दांत मांडता येत नाही. ती वागण्यातून बाहेर पडते. फळ्यावरचे अक्षर न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि नक्कल करणारे ठरते. कान वाहणाऱ्या मुलास सूचना नीट ऐकू येत नाही. ते ‘ऐकतच नाही’ असे म्हटले जाते. अक्षरांशी झगडणारे मूल वाचनाची पाळी जवळ आली की दंगा करते, कारण हसे होण्यापेक्षा शिक्षा परवडते. वसतिगृहात यात आणखी भर पडते: घराची आठवण, अपुरी झोप, रात्री अंथरूण ओले झाल्याची लाज, ऊसतोडीस गेलेल्या आईवडिलांची महिनोन्‌महिने न होणारी भेट.

म्हणून आम्ही एक साधी वही सुचवितो. घटना केव्हा व कोठे घडली, त्याआधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर मोठ्यांनी काय केले, एवढेच त्यात लिहावे. दोनतीन आठवड्यांच्या नोंदींत बहुधा काही क्रम दिसू लागतो. भांडणे जेवणाआधीच होतात काय? पालक भेटून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी होतात काय? निवासी शाळेस येथे मोठी सोय आहे. वर्गशिक्षक, गृहपाल आणि स्वयंपाकघरातील मावशी एकाच मुलास तीन ठिकाणी पाहतात. अतिचंचलतेचे निदान करताना लक्षणे एकाहून अधिक ठिकाणी आणि किमान सहा महिने दिसतात काय, हे तज्ज्ञ विचारतातच. निदान त्यांनी करावे. नोंद आपण पुरवावी. शासकीय व अनुदानित शाळांत 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके तपासणीस येतात. दृष्टी व श्रवण यांबरोबर अध्ययनातील अडचणी आणि अतिचंचलता यांचाही त्यात समावेश आहे. उंची-वजन झाले की पथकाला निरोप न देता ही वही त्यांच्यासमोर ठेवावी.

साहाय्याचे बरेचसे मार्ग बिनखर्ची आहेत. फळ्याजवळची जागा, एका वेळी एकच सूचना, मोठ्या कामाचे लहान भाग, चुळबुळ्या मुलाकडे वह्या वाटण्याचे काम, चांगले वागल्यास त्याच क्षणी शाबासकी, आणि मन मोकळे करता येईल असे एक ठरलेले माणूस.

‘एका मुलासाठी बाकीच्यांनी का सोसावे?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. मार खाणाऱ्या मुलाचे संरक्षण झालेच पाहिजे. नियम सर्वांना सारखेच हवेत. परंतु छडीने भांडण वर्गातून निघून शयनगृहात जाते, मिटत नाही. शिवाय 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे, तर कलम 16 नुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढता येत नाही. तरीही ‘तुमच्या मुलाला घेऊन जा’ असे पालकास तोंडी सांगून दाखला हातावर ठेवण्याची वाट अनेक ठिकाणी मोकळी असते. आपल्या वस्त्यांतील अशा मुलास पुढे दुसरी शाळा मिळेलच असे नाही. वीटभट्टी आणि उसाचा फड मात्र नक्की मिळतो. 1925 साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, ते ज्यांना अन्यत्र दार उघडे नव्हते त्यांच्यासाठी. त्या परंपरेतील शाळेने अवघड मुलासाठी दार लावून घ्यावे, हे आम्हांस मान्य नाही.

पालकांनी मुलाविषयी काही लपवू नये. घरातील आजार, वियोग, भांडण शिक्षकांस विश्वासाने सांगावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, परिचारिका वा समुपदेशक आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस शाळेस द्यावा. इमारतीसाठी देणग्या मिळतात, त्या हव्याच आहेत. पण दुसरीतल्या एका मुलाचा दाखला वाचविणारा तो एक दिवस आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.