धबधबा, चक्री आणि पंधरा दिवसांचे हप्ते

पुणे, बंगळूर, हैदराबाद... ज्या घरातलं कुणी संगणक कंपनीत आहे, तिथल्या वडीलधाऱ्यांच्या कानांवर दोन शब्द हमखास पडतात. ‘वॉटरफॉल’ आणि ‘अ‍ॅजाइल’. ‘आमचं प्रोजेक्ट आता अ‍ॅजाइल झालं,’ असं सून सांगते आणि सासूबाईंना वाटतं, बढती मिळालेली दिसते! बढतीशी याचा काही संबंध नाही. सॉफ्टवेअर कोणत्या क्रमानं तयार करायचं, एवढाच हा प्रश्न. पण या क्रमापायी भल्याभल्यांचे पैसे पाण्यात गेलेत आणि सुनेची रात्रीची झोपही त्याच्यावरच अवलंबून आहे.

आधी धबधबा. गिऱ्हाइकाला काय हवं ते सगळं लिहून घ्यायचं, सही घ्यायची. मग आराखडा, मग प्रोग्रॅम लिहिणं, मग तपासणी आणि शेवटी माल हवाली. एक पायरी उतरली की मागं वळायचं नाही. धबधब्याचं पाणी वर चढत नाही. विन्स्टन रॉइस या अमेरिकन तंत्रज्ञानं १९७० साली एका निबंधात या पायऱ्यांचं चित्र काढलं. गंमत अशी, की ‘धबधबा’ हा शब्द त्यानं वापरलेलाच नाही. उलट हे असंच केलं तर काम फसण्याचा धोका आहे, असं त्यानं तिथंच बजावलं होतं. नवी गोष्ट असेल तर आधी एक छोटी करून बघा, मग खरी करा, हा त्याचा सल्ला. लोकांनी चित्र उचललं आणि सल्ला सोडून दिला! कारण उघड आहे. साहेबाला सही करायला कागद लागतो, कंत्राटात तारीख लागते, आणि धबधब्यात दोन्ही भरपूर मिळतात.

बॅरी बोहेम यांनी १९८६ साली ‘स्पायरल’ म्हणजे चक्राकार पद्धत मांडली. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला विचारायचं, की यातलं सगळ्यात धोक्याचं काय? तेवढंच आधी करून बघायचं, मग पुढची मोठी फेरी. चकली पाडावी तसं आतून बाहेर जायचं. आणि अ‍ॅजाइल? २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या यूटा राज्यात बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या एका ठिकाणी सतरा प्रोग्रॅमर जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की जाडजूड कागदांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर दाखवा, आणि गिऱ्हाइकाचं मन बदललं तर कुरकुरू नका. म्हणून काम लहान तुकड्यांत, बहुतेक ठिकाणी पंधरा-पंधरा दिवसांच्या हप्त्यांत करायचं. या हप्त्याला म्हणतात ‘स्प्रिंट’.

यातलं चांगलं कोणतं? एकच काम तिन्ही तऱ्हांनी करून बघितल्याचं उदाहरण सहसा सापडत नाही. पण एक आहे, आणि तेही अमेरिकेच्या एफबीआयचं.

सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तेव्हा या बलाढ्य तपास यंत्रणेला संशयितांचे फोटो आपल्याच दुसऱ्या कचेऱ्यांना ई-मेलनं पाठवता येत नव्हते. ते टपालानं गेले! तपासाची कागदपत्रं मुख्यतः कागदावरच होती. नवी प्रणाली करायचं काम त्याच वर्षी एका कंपनीला दिलेलं होतं. हल्ल्यानंतर मागण्या वाढल्या आणि मुदत मात्र कमी झाली. मागण्यांचं दप्तर झालं आठशेहून जास्त पानांचं. एका रात्रीत जुनं बंद करून सकाळी नवं सुरू करायचं, असा बेत! डिसेंबर २००३ मध्ये माल हातात आला तेव्हा एफबीआयनं त्यात पहिल्याच तपासणीत सतरा मोठ्या उणिवा काढल्या. कंपनी म्हणाली, तुम्ही रोज मागण्या बदलल्यात. एफबीआय म्हणाली, तुम्ही सांगितलेलं केलं नाहीत. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. शेवटी २००५ साली सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झालेलं ते सगळं बासनात गुंडाळलं.

मार्च २००६ मध्ये ‘सेंटिनेल’ या नावानं दुसरा डाव सुरू झाला. या वेळी काम लॉकहीड मार्टिनकडे, आणि एका रात्रीऐवजी चार टप्पे. शहाणपण आलं म्हणायचं! पण प्रत्येक टप्पा म्हणजे पुन्हा एक धबधबाच होता. डिसेंबर २००९ ला काम संपायचं होतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये हिशेब झाला तेव्हा ४५ कोटी १० लाख डॉलरपैकी ४० कोटी ५० लाख संपले होते आणि टप्पे झाले होते दोन. उरलेल्याला आणखी सहा वर्षं आणि ३५ कोटी डॉलर लागतील, असा तज्ज्ञांचा अंदाज.

मग एफबीआयनं काम आपल्या हातात घेतलं. कंत्राटी माणसं सुमारे २२० होती, ती ४० वर आणली. स्वतःची ३० होती, ती १२ वर. दर पंधरा दिवसांनी काहीतरी चालणारं दाखवायचं, असा नियम झाला. सप्टेंबर २०११ ची मुदत याही पद्धतीला पाळता आली नाही, हे अ‍ॅजाइलचे भक्त सांगत नाहीत. ऑक्टोबरमध्ये शेकडो जणांना एकदम वापरायला दिलं तर यंत्रणा बंद पडली. जुने संगणक भार पेलेनात, नवे घ्यावे लागले. पण १ जुलै २०१२ ला सेंटिनेल सगळीकडे सुरू झालं, ठरलेल्या ४५ कोटींच्या आत.

हे वाचून ‘अ‍ॅजाइल झिंदाबाद’ म्हणायचा मोह होतो. थोडं थांबा. तिसऱ्या गड्याला चाळीस कोटींनी नांगरलेली जमीन आयती मिळाली होती. काय हवं आणि काय नको, हे आधीच्या दोघांच्या फजितीतून कळलं होतं. माझ्या मते खरा फरक दुसरीकडेच पडला. प्रणाली वापरणारा माणूस आणि ती लिहिणारा माणूस यांची गाठ नऊ वर्षांनी एकदाची दर पंधरवड्याला पडू लागली.

आपल्या रेल्वे आरक्षणाचंच बघा ना. संगणक आला १९८५ साली, पहिल्यांदा फक्त दिल्लीत. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद. ही पाचही केंद्रं एकमेकांना जोडली गेली १९९९ मध्ये. २००२ साली इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं, तरी ते घरी यायचं कुरिअरनं. आपण घरी छापायचं ई-तिकीट आलं २००५ मध्ये. अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला जाण्याआधीच तुकड्यातुकड्यानं जाण्याची ही रीत आपल्याकडे सुरू झाली होती!

मात्र सगळं काही हप्त्यांनी देता येत नाही. छातीत बसवायच्या पेसमेकरचं सॉफ्टवेअर ‘अर्धं आता घ्या, उरलेलं पुढच्या पंधरवड्यात’ असं म्हणून कसं चालेल? आतल्या आत कितीही फेऱ्या मारा, रुग्णापर्यंत जाण्याआधी प्रत्येक मागणीसमोर तपासणीची नोंद हवीच. तिथं कागदाला नाकं मुरडू नयेत. आणि उलटही होतं. रोज सकाळी उभ्यानं बैठक, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, अन् शेवटची तारीख मात्र सहा महिने आधीच साहेबानं गिऱ्हाइकाला लिहून दिलेली! हा धबधबाच, वरून फक्त रंग लावलेला. सून रात्री दोनपर्यंत जागते ती बहुतेक वेळा या रंगकामापायी.

तुम्ही म्हणाल, एफबीआयशी आम्हाला काय करायचं? पण हाउसिंग सोसायटीचे हिशेब, दवाखान्याच्या नोंदी, दुकानाचा माल, यांसाठी सॉफ्टवेअर बनवून घेणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. तीस पानी यादी आणि अर्धे पैसे आगाऊ, असा सौदा करू नका. सोसायटी असेल तर आधी फक्त देखभालीची पावती मागा, तीही गेल्या महिन्याच्या खऱ्या आकड्यांची. पहिला हप्ता त्या पावतीवर द्या. ती छापून निघाली की सचिवांकडे नको, खजिनदारांच्या हातात ठेवा. चष्मा वर करून ते पहिल्याच मिनिटाला विचारतील, ‘यात मागची थकबाकी कुठं दिसतेय?’