माझे मत : पाणी ओतू नका

पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणजवळ, आमच्या मोत्याला टेम्पोची धडक बसली. तो बेशुद्ध पडला. जमलेले लोक "पाणी पाज, पाणी पाज" म्हणाले, म्हणून मीच त्याच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतले. मोत्या वाचला नाही.

माझे मत असे, की बेशुद्ध कुत्र्याला पाणी पाजूच नये. ते फुफ्फुसात जाते. रक्त येते तिथे स्वच्छ फडके दाबून धरावे आणि पोत्यावर अलगद सरकवून दोघांनी उचलावे. शुद्धीत असेल तर आधी कापडी पट्टीने तोंड बांधा, कारण दुखण्यापायी घरचा कुत्रापण चावतो. ओकत असेल किंवा दम लागला असेल तर मात्र बांधू नका. चावलाच, तर जखम साबणाने १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. मार बसेल म्हणून घरी लपवू नका!

पालकांनो, जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा सरकारी फोन नंबर आहे. आमच्या दारामागे मी तो खडूने लिहिलाय.