सातबाऱ्यावरचा पोटखराबा

मृग तोंडावर आला आहे. हा अंक हाती पडेल तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण विजेऱ्या चार्ज करून आंबोलीकडे, कोयनेकडे, राजापूर-देवगडच्या सड्यांकडे निघायच्या तयारीत असतील. निघण्याआधी थोडे बोलायचे आहे.

आंबोलीच्या भेकाला, म्हणजे झँथोफ्राइने टायग्रिनाला, शास्त्रीय नाव मिळाले 2009 साली. त्याचा एकच सख्खा भाऊ, 1963 साली नोंदलेला कोयनेचा भेक. अख्खी प्रजाती या दोन जातींची, आणि दोन्ही आपल्याच सह्याद्रीतल्या. अतिसंकटग्रस्त ठरलेला आंबोलीचा भेक पहिल्या पावसांत कातळाच्या खळग्यात साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. पावसाने दडी मारली की खळगा आटतो आणि पिल्ले जातात. हा धोका त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा आहे. खळगाच उरला नाही, तर मात्र त्याच्यापाशी उपाय नाही.

खाली कोकणातल्या सड्यांवरही तेच. सुट्या जांभ्या दगडाखाली फुरसे, पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल, ओल टिकली असेल तर देवगांडूळ. उन्हाळ्यात रखरखीत दिसणाऱ्या कातळाचा सगळा संसार या दगडांच्या आडोशाला असतो. सातबाऱ्यावर मात्र या जमिनीपुढे एकच शब्द आहे, पोटखराबा. त्यामुळे चिरेखाण निघाली, किंवा सुरुंग लावून, बाहेरची माती भरून हापूसची कलमे उभी राहिली, तर काही गेले असे कुणालाच वाटत नाही. कलमे लावणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे घर त्यावर चालते, आणि सड्यावर काय राहते हे त्याला आपण कधी सांगितलेच नाही. आपले शोधनिबंध इंग्रजीत छापून येतात. तलाठ्याच्या दप्तरातला शब्द तसाच राहतो.

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावाच्या हाती लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. आम्ही चाळलेल्या नोंदवह्यांत औषधी वनस्पतींची यादी लांबलचक होती, बेडकांचे पान कोरे. ते आपण भरायचे आहे. गावच्या जैवविविधता समितीतल्या दोघांना रात्री सोबत घ्या, खळग्यातली अंडी विजेरीच्या उजेडात दाखवा, गावात त्या प्राण्याला काय म्हणतात ते विचारून तेच नाव आधी लिहा. सड्याचा गट क्रमांक नोंदवहीत जरूर असावा. नेमक्या खळग्याचा पत्ता समाजमाध्यमांवर मात्र नको, फोटोसाठी होणारी झुंबड आपण पाहिली आहे.

आणखी एक, नव्या मुलांसाठी. उचललेला दगड त्याच कुशीवर, त्याच साच्यात परत ठेवा. तिरका टेकवला की खालची ओल दोन दिवसांत उडते आणि तिथे राहणाऱ्याचे घर मोडते. एका सकाळी शंभर दगड उलथणाऱ्या सर्वेक्षणापेक्षा दहाच दगड नीट पाहिलेले आम्हाला अधिक मोलाचे वाटतात.

दिवाळी अंकात अशा नोंदींसाठी पाने राखून ठेवली आहेत. ग्रामसभेत नोंद वाचली गेली असेल, तर कोण काय म्हणाले तेही लिहून पाठवा.