पाच हजारांच्या आतली चोरी: चोराला तुरुंग नाही, पण शेतकऱ्याचं काय?

पहाटे मोटार चालू करायला जावं आणि विहिरीवरची केबलच गायब असावी, हा प्रकार आपल्या भागात नवा नाही. केबल जाळायची, आतलं तांबं काढायचं आणि भंगारात किलोवर विकायचं. चोराच्या हातात येतात जेमतेम हजार-दीड हजार. शेतकऱ्याचं नुकसान मात्र नुसत्या केबलवर थांबत नाही. नवी केबल आली, वायरमनची मजुरी आली, वर लाईट असूनही दोन-तीन दिवस पिकाला पाणी नाही. अशा चोराचं काय करावं असं पारावर विचारा, उत्तर ठरलेलं आहे: "आधी हातपाय मोडा, मग आत टाका."

कायद्याने मात्र १ जुलै २०२४ पासून दुसरी वाट धरली आहे. त्या दिवशी जुना भादंवि जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहेच. पण चोरीचा माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली असेल, तर शिक्षा एकच, सामुदायिक सेवा. म्हणजे कोर्ट सांगेल ते लोकांच्या उपयोगाचं काम, तेही बिनपगारी. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा घातला तरी कोर्ट ही शिक्षा देऊ शकतं. संहितेत अशी शिक्षा असलेले एकूण सहाच गुन्हे आहेत.

"म्हणजे चोराला झाडू मारायला लावून सोडणार?" असं लोक विचारतात. हसणं साहजिक आहे. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. तो निबंध म्हणजे शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. पण लोकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच, की सुधारणा म्हणजे पैसेवाल्यांची पळवाट. आणि मस्साजोगच्या सरपंचांची ज्या क्रूरपणे हत्या झाली, तसल्या गुन्ह्यात कोणी सुधारणेच्या गप्पा मारू लागला तर लोक ऐकून घेणार नाहीत, घेऊही नये. इथे बोलतोय ते छोट्या, पहिल्याच चोरीबद्दल.

अशा चोरीत नव्या कायद्याची दिशा बरोबर आहे असं माझं मत आहे, आणि ते चोराची दया येते म्हणून नाही. कलम नीट वाचा. आधी माल किंवा किंमत परत, मग काम. तुरुंगाच्या शिक्षेत शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं? पोरगा सहा महिने आत बसला तरी केबल येत नाही. उलट तो आत ज्यांच्यासोबत राहतो ते त्याच्यापेक्षा तयार गडी असतात. बाहेर आला की त्याला ना कोणी सालगडी ठेवत, ना कोणी ट्रॅक्टरवर घेत. मग तो पुन्हा रात्री कुणाच्या तरी विहिरीवर.

माणसावर भरवसा टाकला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरच्या सांगण्यावरून ती उभी केली. भिंत नाही, कैद्यांनी शेती करायची, कुटुंब सोबत ठेवायचं. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' सिनेमाचं मूळ तिथलंच. पुढे येरवडा, पैठण, मोर्शी अशी खुली कारागृहं झाली. तिथे जाणाऱ्यांत जन्मठेपेचे कैदीही असतात, मात्र बंद तुरुंगात त्यांची वागणूक पाहून मगच पाठवतात. खुनाच्या कैद्याला उघड्या शेतात कामाला ठेवता येतं, तर पहिल्यांदा केबल चोरणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला गावच्या शाळेच्या कामाला लावायला काय हरकत आहे?

आता या कायद्याची दुसरी बाजू. ती फारशी कुणी सांगत नाही आणि शेतकऱ्याला ती जास्त लागते.

पाच हजारांच्या आतली ही चोरी आता अदखलपात्र झाली आहे. पूर्वी चोरी कितीचीही असो, गुन्हा दखलपात्र होता. आता ठाण्यात गेलात की 'एनसी' लिहून घेतात, त्याची प्रत देतात आणि कोर्टात जायला सांगतात. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. चार हजारांच्या केबलसाठी कोणता शेतकरी कामधंदा बुडवून तालुक्याच्या कोर्टात खेटे घालणार? आणि तपासच झाला नाही तर चोर सापडणार नाही. चोर सापडला नाही तर माल परत नाही आणि सामुदायिक सेवाही नाही. कागदावर सुधारणा आली, पण तिच्याकडे जाणारा रस्ताच खोदून ठेवला. शिक्षा हलकी करायला माझी ना नाही, पण शिक्षा हलकी केली म्हणून तपासही हलका करायची गरज नव्हती. चोराला भीती शिक्षेच्या वर्षांची कमी आणि पकडलं जाण्याची जास्त असते.

त्यात पाच हजारांची रेघही विचित्र आहे. बरी शेळी आज दहा हजारांच्या खाली येत नाही. म्हणजे शेळी नेली तर दखलपात्र गुन्हा आणि तीन वर्षांपर्यंतची तरतूद. केबल नेली तर एनसी, मग भले पाण्यावाचून ऊस वाळो. कायदा मालाची किंमत बघतो, पिकाचं नुकसान बघत नाही. म्हणून तक्रार देताना केबल किती मीटर, किती एमएमची, कधी घेतली ते नीट लिहा आणि बिल असेल तर जोडा. खरी किंमत पाच हजार किंवा त्याहून जास्त भरत असेल तर ते कागदावर यायलाच हवं. किंमत फुगवू मात्र नका, पुढे कोर्टात तेच आडवं येतं. राहत्या घरातून झालेली चोरी वेगळ्या कलमात जाते. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तिथे ही पाच हजारांची सवलत नाही.

आणखी एक खोड मोडायला हवी. केबल गेली की पहिली बोटं पारधी वस्तीकडे जातात. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. तुरुंगात जातीवरून कामं वाटण्याची आणि विमुक्त जमातींच्या कैद्यांना सराईत समजण्याची पद्धत सुप्रीम कोर्टाने ३ ऑक्टोबर २०२४ ला घटनाबाह्य ठरवली. वस्तीवर जाऊन दोन पोरं उचलून आणली की खरा चोर आणि त्याचा माल घेणारा भंगारवाला दोघंही निवांत झोपतात.

आत कोण बसलंय तेही बघा. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. यातल्या पहिल्याच गुन्ह्यातल्या माणसासाठी नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं, आणि तसा अर्ज कोर्टाकडे तुरुंग अधीक्षकांनीच करायचा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना किंवा एकापेक्षा जास्त केसेस चालू असणाऱ्यांना हे लागू नाही. जामीन मिळूनही पैशाअभावी आत अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, त्यात जामिनासाठी आर्थिक मदत मिळते. कोठडीतल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० या नंबरवर फोन करा.

सामुदायिक सेवेचं बोलायचं तर काम किती तास, कुठे आणि देखरेख कुणाची, हे संहितेत लिहिलेलं नाही. सगळं कोर्टावर सोडलंय. इथे ग्रामपंचायतीला जागा आहे. शाळेचं कुंपण, स्मशानभूमीची सफाई, पाणंद रस्ता, रोपांना पाणी अशी कामं आणि ती पाहायला जबाबदार माणूस कोण, एवढा ठराव ग्रामसभेत करून विधी सेवा समितीकडे देता येईल. आणि पाच हजारांच्या आतल्या शेतीमालाच्या चोरीतही पोलिसांनी थेट तपास करावा, ही मागणी त्याच ठरावात टाकून आमदारांना पाठवता येईल.