फॉर्म भरून देणे हीही खिदमत

आमच्या वस्तीत दर रमजानमध्ये जकातीची यादी निघते. विधवा, कर्जबाजारी, आजारी असे रकाने असतात. काही वर्षे मी हे काम जवळून पाहतो आहे. ‘मुलगा बोलत नाही’, ‘मुलगा आपल्यातच असतो’ एवढाच शेरा असलेली दोन-चार घरे दरवर्षी यादीत दिसतात. तिथे धान्य जाते, ईदला कपडे जातात. पण या मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र काढले आहे का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. जकात वर्षातून एकदा येते. प्रमाणपत्र हातात असेल तर त्या घराला वर्षभर काहीतरी मागण्याचा हक्क मिळतो.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने २१ प्रकार मानले आणि स्वमग्नता त्यांत स्पष्टपणे आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. तरीही ‘आमच्याकडे असली मुले घेत नाही’ असे सांगून आईला शाळेच्या दारातून परत पाठवले जाते, आणि ती मुकाट्याने परत येते. तिच्याकडे कागद नसतो.

हा कागद मिळवण्याची वाट अशी आहे. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र, यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. त्याला पैसे पडत नाहीत. मग ठरलेल्या दिवशी सरकारी रुग्णालयात मुलाला तपासणीसाठी न्यायचे. स्वमग्नता मोजायला ‘इसा’ नावाची भारतीय मापनपट्टी आहे. तिच्यात ४० मुद्दे आहेत. मूल नजरेला नजर देते का, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करते का, आवाज सहन होतो का, धोका कळतो का, अशा प्रत्येक मुद्द्याला ते किती वेळा घडते यावरून १ ते ५ गुण मिळतात. डॉक्टर मुलाला पाहतात, पण बराचसा भाग आईवडिलांच्या सांगण्यावर असतो.

खरी अडचण इथेच होते. एका आपांबरोबर मी अशा तपासणीला गेलो होतो. मुलगा ८ वर्षांचा. डॉक्टरांनी विचारले, “स्वतः जेवतो का?” आपा चटकन म्हणाल्या, “हो, जेवतो की.” घरी त्या रोज तासभर त्याच्या मागे घास घेऊन फिरतात, भाताखेरीज तो कशालाही तोंड लावत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पलंगाखाली जातो. यातले काहीच त्यांनी सांगितले नाही. बाहेर आल्यावर मी विचारले, तर म्हणाल्या, “भाई, परक्यांपुढे आपल्या लेकराचे कमीपण कसे सांगू?”

वर्षानुवर्षे लोकांपासून झाकत आलेली गोष्ट टेबलापलीकडच्या अनोळखी माणसाला ५ मिनिटांत सांगणे कोणत्याही आईला जड जाते. म्हणून मी आता प्रत्येक घरी एकच सांगतो: तपासणीआधी ८ दिवस वहीत लिहा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत मुलाला कशात मदत लागली, किती वेळ लागला, कितीदा रडला, रस्त्यावर हात सोडून पळाला का. काही वाढवू नका, काही लपवू नका. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा, आपल्यापैकी कुणीतरी ते उतरवून देईल. आपांनी पुढच्या तारखेला अशी वही नेली. डॉक्टरांनी ती वाचली आणि नवे प्रश्न विचारले. कोणत्याही शिफारशीपेक्षा त्या वहीचा जास्त उपयोग झाला.

दुसरी अडचण नावांची. आपल्या घरांत ती जुनीच आहे. जन्मदाखल्यावर शेख, आधारवर शैख, शाळेत वडिलांचे नाव मोहम्मद, रेशनकार्डावर महंमद. आजकाल अशा एका अक्षराची धास्ती आपल्याला जास्तच वाटते. म्हणून अर्ज भरण्याआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि पत्ता ताडून पाहा, चूक असेल ती आधी दुरुस्त करून घ्या. एकदा प्रमाणपत्रावर चुकीचे नाव छापले गेले की पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच खुलासा करावा लागतो.

प्रमाणपत्राने काय मिळते? राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही येतो. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. एसटीच्या भाड्यात सवलत आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका यांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ती कुठे खर्च झाली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

मग लोक अर्ज का करत नाहीत? नजर लागली आहे, मोठा होईल तसा बोलेल, या आशेवर काही वर्षे जातात. घरात कुणी दर्ग्यावर जाते, कुणी तावीज आणते. त्यांच्या श्रद्धेशी मला भांडायचे नाही. पण त्यासाठी थेरपीची लहानपणीची मोलाची वर्षे घालवू नका, एवढे मी स्पष्टपणे सांगेन. दुसरी भीती बदनामीची. सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ लिहिले तर बहिणीचे लग्न अडेल, असे वडीलधारी माणसे म्हणतात. बहिणीला नाकारणारे घर कागद पाहून नाकारत नाही, त्यांना मुलगा दिसतोच. कागद नसल्याने नुकसान होते ते फक्त मुलाचे.

तरुण मित्रमैत्रिणींनो, शिष्यवृत्तीचे, प्रवेशाचे, पासपोर्टचे फॉर्म तुम्ही डोळे मिटून भरता. तेच कौशल्य इथे हवे आहे. मोहल्ल्यात तिघे-चौघे मिळून दर रविवारी दोन तास बसा. त्यात मुली असू द्या, कारण आया त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात. कागद स्कॅन करा, अर्जाचा क्रमांक आईच्या वहीत लिहून द्या, तपासणीच्या दिवशी कुणीतरी सोबत जा. पैसे घेऊ नका, मुलाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, घरातली गोष्ट बाहेर बोलू नका. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती शेजारी आले तर त्यांचाही अर्ज भरा. स्वमग्नता धर्म विचारून येत नाही.

अर्थात आपण फॉर्म भरून दिल्याने शासनाची जबाबदारी संपत नाही. मानसतज्ज्ञ नाहीत म्हणून तारखा लांबत असतील, तर त्याबद्दल लेखी तक्रार करा. प्रमाणपत्राचा निर्णय मान्य नसेल तर अपील करता येते. पुण्यात दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे दाद मागता येते. महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालय विभागही आहे. तो आपल्यासाठीसुद्धा आहे, हे लक्षात असू द्या.

या आयांच्या मनात एक प्रश्न कायम असतो: माझ्यानंतर याचे कोण? राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मूल १८ वर्षांचे झाल्यावर जिल्ह्याच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्या अर्जाची सुरुवातही याच प्रमाणपत्रापासून होते. म्हणून आपल्या गल्लीतले असे एक घर या आठवड्यात शोधा. सलाम करा, बसा, आणि आधी आईचे म्हणणे ऐका. फॉर्म त्यानंतर उघडा.